परमुलखात राहण्याची विद्या

परदेशी निघालेला मराठी तरुण आधी तेथील भाषेचे धडे गिरवतो, हवामानाची चौकशी करतो, अभिवादनाच्या रीती समजून घेतो. परक्या समाजात राहावयाचे तर बदल स्वतःत घडवावा लागतो, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण असाच तरुण शिक्षक किंवा लिपिक म्हणून गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात रुजू होतो, तेव्हा ही नम्रता क्वचितच त्याच्या सोबत येते. राज्य आपलेच, मग शिकावयाचे काय, अशी त्याची समजूत असते.

सूरजागडचा डोंगर याच तालुक्यात आहे. भोवतालच्या खेड्यांतील माडिया गोंडांची भाषा मराठीची बोली नसून तेलुगू-तमिळप्रमाणे द्राविड कुळातील आहे. पहिलीत बसलेल्या माडिया मुलाला मराठी परकीच वाटते. कचेरीतला अर्ज मराठीत, निकालाचा कागद मराठीत. मूळ रहिवाशालाच दुभाषा शोधावा लागतो. डोंगरावर ठाकुरदेवाचे स्थान आहे व दर जानेवारीत तेथे यात्रा भरते. सरकारी दप्तरात तोच डोंगर लोहखनिजाचा साठा ठरतो. २००७ साली खाणपट्टा मंजूर झाला, २०१६ मध्ये उत्खनन सुरू झाले आणि खंडानंतर २०२१ पासून ते वाढत गेले. त्यासोबत बाहेरची माणसे आली. अशा वेळी स्थानिकानेच त्यांच्याशी जुळवून घ्यावे, ही अपेक्षा उलटी आहे.

याहून वेगळा मार्ग शेजारच्या भामरागड तालुक्याने पाहिला आहे. १९७३ च्या डिसेंबरात बाबा आमटे यांनी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथे राहू लागले, तेव्हा रोगी त्यांच्याजवळ येण्यास बुजत. दुखणे कोठे आहे हे विचारण्यासाठी डॉक्टरांना माडिया भाषा शिकावी लागली. अंगभर कपड्यांनी दुरावा वाढतो हे जाणवल्यावर डॉ. प्रकाश बनियन व अर्ध्या चड्डीवर वावरू लागले. औषधावरील विश्वास या ओळखीतून वाढला. २००८ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

प्रत्येक कर्मचाऱ्याकडून अशा त्यागाची अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल. मलेरिया, पावसाळ्यात तुटणारे रस्ते, दीर्घकाळ चाललेल्या नक्षली हिंसाचाराची धास्ती आणि दूर राहिलेले कुटुंब यांचा भार खराच आहे. परंतु नेमणुकीपूर्वी काही महिने माडिया भाषेचे पद्धतशीर शिक्षण देणे, ती येणाऱ्यास वेतनात उत्तेजन देणे आणि अशा नेमणुकीला ‘शिक्षेची बदली’ मानण्याची प्रथा मोडणे, एवढे शासनाला निश्चित शक्य आहे. ज्या तालुक्यात नेमणूक म्हणजे शिक्षा समजली जाते, तेथील लोकांना ती समजूत दिसत नसेल असे मानणे भाबडेपणाचे आहे. शाळेत आलेल्या मुलाला गुरुजींनी त्याच्या भाषेत नाव विचारले, तर शासनावरचा त्याचा विश्वास तेथूनच सुरू होईल.