पेनाने लिहिलेली तारीख

मुकुंदवाडी रेल्वे स्टेशनकडे वळणाऱ्या रस्त्यावर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दिवसभर उत्पन्नाचे दाखले, पॅन कार्ड, शिष्यवृत्तीचे अर्ज, आणि अधूनमधून पासपोर्ट-व्हिसा. त्यासाठी मागच्या चार-पाच वर्षांचे कालनिर्णय मी जपून ठेवलेत. परदेशातले दिवस मोजायचे तर महिन्याच्या चौकटींवर बोट ठेवून मोजावेत, चूक होत नाही.

मागे सिडकोतले काका-काकू आले होते. मुलीचं दुसरं बाळंतपण, अमेरिकेचं तिकीट काढायचं होतं. "व्हिसा आहे ताई, दहा वर्षांचा. तुम्ही फक्त तिकीट बघा."

तिकिटाआधी पासपोर्ट चाळायची मला सवय आहे. व्हिसाचा स्टिकर चकचकीत, मुदत २०३२ पर्यंत. दोन पानं पुढे तिथल्या विमानतळाचा शिक्का, १२ ऑक्टोबर २०२३. त्या शिक्क्यावर निळ्या पेनाने तिरकं, घाईत लिहिलेलं: बी-२, ११ एप्रिल २०२४. त्याच्या पुढच्या पानावर मुंबईला उतरल्याचा शिक्का, ३ मे.

"तिकडून २ तारखेला निघालात?"

"हो. पोरीचं सिझेरियन झालेलं. तिला तशी टाकून कसं यायचं?" काकू म्हणाल्या.

मी २०२४ चा कालनिर्णय काढला. १२ एप्रिलवर बोट ठेवलं आणि २ मेपर्यंत आले. एकवीस दिवस.

व्हिसा माणसाला दारापर्यंत नेतो. आत किती दिवस राहायचं ते दारातला अधिकारी ठरवतो, आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत जाते. बी-२ वर, म्हणजे पर्यटक म्हणून, आलेल्याला साधारण सहा महिने मिळतात. त्यापुढे एक दिवस जरी राहिलं तरी स्टिकरवर कितीही वर्षं शिल्लक असोत, तो व्हिसा आपोआप रद्द होतो. म्हणजे २०३२ ची तारीख दाखवणारा तो कागद दोन वर्षांपूर्वीच संपला होता आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. आता तर बऱ्याच विमानतळांवर शिक्काही मारत नाहीत. तारीख संकेतस्थळावर जाऊन बघावी लागते. साठी ओलांडलेल्या माणसांना हे कुणी सांगायचं? मुलांनीच सांगायला हवं, आणि मुलंच म्हणतात, दहा वर्षांचा आहे, राहा निवांत. ११ एप्रिलच्या आत मुदतवाढीचा अर्ज केला असता तर ही वेळ आली नसती.

एकवीस दिवसांवर प्रवेशबंदी लागत नाही, हे मी त्यांना आधी सांगितलं. अमेरिकेच्या १९९६ च्या कायद्याप्रमाणे १८० दिवसांपेक्षा जास्त राहून निघालं तर तीन वर्षं, वर्षभर किंवा जास्त राहिलं तर दहा वर्षं बंदी. ती लागते देश सोडल्यावर. मला हे फार क्रूर वाटतं. चूक सुधारायला म्हणून जो घरी निघतो, त्याच्याच मागे दार लागतं. म्हणून माणसं तिथेच अडकून राहतात, आईबापाच्या अंत्यविधीलाही येत नाहीत.

आखाताचं गणित वेगळं. आमच्या गल्लीतला एक वेल्डर सौदीत होता. मालकाने इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, वाढवला नाही आणि हा बेकायदा ठरला. पकडला गेला असता तर तरहीलमध्ये, म्हणजे परत पाठवण्याच्या कोठडीत, बोटांचे ठसे घेतले असते आणि पुन्हा सौदी बंद. २०१७ मध्ये २९ मार्चपासून नव्वद दिवसांची माफी निघाली. त्या मुदतीत बाहेर पडणाऱ्यांना त्या ठशांतून सूट होती. तो तेवढ्यात निघाला, म्हणून पुढे परत जाऊ शकला.

आपल्याकडेही १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा आहे. मुदतीबाहेर राहिलेल्या परदेशी माणसाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. इथल्या विद्यापीठात येमेनची मुलं शिकायला येतात. ज्यांच्या देशात युद्ध आहे, त्यांनी मुदत संपली म्हणून कुठे परत जायचं, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

काका-काकूंना नवा व्हिसा मागावा लागणार होता. डीएस-१६० अर्जात एक प्रश्न आहे: दिलेल्या मुदतीपेक्षा जास्त राहिला होता का? होय, नाही.

"नाही लिहिलं तर?" काकूंनी हळूच विचारलं. "एवढ्या लोकांत कोण बघतंय?"

"ते बघतात, काकू. कोण कधी निघालं ते विमान कंपनी त्यांना कळवते. एकवीस दिवसांना बंदी नाही, पण खोटं सापडलं तर जन्मभराची लागते."

काका म्हणाले, "होय लिहा."

'होय'वर क्लिक केलं की खाली कारणाची चौकट उघडते. मी आधी मराठीत कागदावर लिहून घेतलं. मुलीला तिसऱ्या महिन्यापासून झोपून राहायला सांगितलं होतं, म्हणून ऑक्टोबरलाच गेलो. २ एप्रिलला सिझेरियन. काकूंनी पिशवीतून दवाखान्याचा कागद काढला, प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला. त्यावर नातवाच्या पावलांचे ठसे होते.

"११ तारखेला नऊ दिवसांचा होता तो," काकू म्हणाल्या. "हेही लिहा."

मी लिहिलं.