कंट्री संगीतातील स्त्री

अमेरिकेच्या दक्षिणेकडील डोंगराळ व शेतकरी वस्तीतून जे गाणे वर आले, त्यास ‘कंट्री’ संगीत म्हणतात. त्यातली स्त्री कशी आहे, असे विचारले तर बहुधा तीन मूर्ती पुढे येतात : वाट पाहणारी आई, सोशिक पत्नी आणि दगा देणारी प्रेयसी. परंतु ती कशी दाखविली, याआधी ती कोणी दाखविली हे पाहिले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

१९५२ साली हँक थॉम्प्सनचे ‘द वाइल्ड साइड ऑफ लाइफ’ हे गाणे १५ आठवडे अग्रस्थानी होते. संसार सोडून मद्यगृहाच्या झगमगाटात रमलेल्या स्त्रीला त्यात बोल लावला आहे. त्याच वर्षी किटी वेल्स हिने त्याच चालीवर उत्तर दिले. अविवाहित असल्याची बतावणी करणारे विवाहित पुरुषच अशा स्त्रियांच्या अधःपातास कारण होतात, हा त्याचा मथितार्थ. नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कार्यक्रमाने प्रारंभी त्यास मनाई केली. तरीही ते पहिल्या क्रमांकावर गेले. ‘बिलबोर्ड’च्या कंट्री यादीत एकट्या गायिकेला हा मान प्रथमच मिळाला. मौज अशी की, हे उत्तर लिहिले होते जे. डी. मिलर या पुरुषाने! आवाज स्त्रीचा, लेखणी पुरुषाची.

पुढे केंटकीतील खाणकामगाराची मुलगी लोरेटा लिन हिने लेखणीही हाती घेतली. पिऊन घरी येणाऱ्या नवऱ्याला खडसावणारे गीत तिने बहिणीसह रचले. १९६७ साली ते अग्रस्थानी गेले. १९७५ साली संततिनियमनाच्या गोळीवरील तिचे गाणे वाजविण्यास अनेक रेडिओ केंद्रांनी नकार दिला. याउलट, पतीची पाठराखण करण्यास सांगणारे १९६८ चे प्रसिद्ध गीत टॅमी वायनेट या स्त्रीनेच सहलेखकासह लिहिले. तेव्हा लेखणी हाती आली की मत एकच होते, असे नव्हे. मात्र मते अनेक होतात, आणि तेच मोलाचे.

ती श्रोत्यांपर्यंत पोचावीत, एवढाच प्रश्न उरतो. २०१५ साली एका रेडिओ सल्लागाराने गायिकांची तुलना कोशिंबिरीतील टोमॅटोशी केली आणि त्यांची गाणी कमी वाजविण्याचा सल्ला दिला. गाण्यातील स्त्रीचे चित्र केवळ गाण्यात घडत नाही; कोणते गाणे ऐकू द्यावयाचे हे ठरविणाऱ्या दारातही ते घडते.