देवघर कोण पुसायचं?

सकाळी ६.१५. सातारा स्टँड. सांगलीची गाडी अजून लागलेली नाही. पिशवीत रेकॉर्डर, दोन वह्या, बिस्किटांचा पुडा. माझा विषय : देवधर्म न मानणाऱ्या बायका. याच साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली, तिचं वार्तापत्र सांगलीतून निघतं. समितीचा विरोध देवाला नाही, देवाच्या नावावरच्या शोषणाला आहे. पण तिच्या कार्यकर्त्यांत नास्तिक पुष्कळ. अर्थात, बोलायला पुढे येतात ते पुरुषच.

१०.३०. सांगली. ज्यांच्या घरी मुलाखतीला आले, ते काका तयारीतच बसलेत. सत्यशोधक समाज १८७३चा, इथपासून सुरुवात. घेतलेली नावं सगळी पुरुषांची. सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई राहूनच गेल्या. काकूंना काही विचारावं तर म्हणाले, "आमची मंडळी माझ्याच विचारांची!" काकू चहा ठेवून आत गेल्या.

११.२०. मीही आत. काकू मेथी निवडतायत, मीही एक जुडी ओढली. "ते यंत्र बंद करा ताई." केलं.

"देव मानता का?" असं विचारलं की उत्तर काकांचंच येतं, हे मी तीन घरांत शिकले. म्हणून विचारलं, देवघर कोण पुसायचं?

"मीच की. ह्यांनी देव सोडला लग्नाआधी. सासूबाई होत्या तोवर देवाचं काम काही मला सुटलं नाही." सासूबाई गेल्यावर देव दिरांकडे दिले. त्या कोनाड्यात आता मिक्सर आहे. मागच्या भिंतीवर निरांजनाची काजळी तशीच. हळदीकुंकवाला मात्र जातात. "न जाऊन कसं चालेल? रात्री-अपरात्री ह्याच बायका येतात धावून."

मग त्यांनी मला धरलं. "तुम्ही टिकली लावत नाही, सासरी चालतं?" चालत नाही, म्हणून सणाला लावते. खरं ते सांगितलं. फक्त विचारत राहायचं आणि आपलं झाकून ठेवायचं, हे मला पटत नाही.

३.३०. परतीची गाडी. २०११च्या जनगणनेत धर्म न सांगितलेले सुमारे २८.७ लाख. ते सगळे नास्तिक नव्हेत, हे खरं. पण दारात आलेल्या प्रगणकाला घराघरातून उत्तर दिलं कोणी?

रात्री ९. रेकॉर्डरवर काकांची ४२ मिनिटं. काकूंची वहीत चार पानं, मेथीची माती लागलेली. त्यांना वाचून दाखवल्याशिवाय ती टाइप करायची नाहीत. गुरुवारी पुन्हा सांगली.