व्यायामशिक्षकाचे अवांतर वाचन

तालमीतील वस्तादाला आपल्या पठ्ठ्याचे घर, खुराक, संगत आणि निजण्याची वेळ यांची खडान्‌खडा माहिती असे, कारण पठ्ठा बहुधा त्याच पंचक्रोशीतला किंवा तालमीतच मुक्काम करून राहणारा असे. आज शहरांतील जिममध्ये ज्याला ‘पर्सनल ट्रेनर’ म्हणतात त्या व्यायामशिक्षकाची स्थिती निराळी आहे. आठवड्यातून तीन-चार तासच ज्याचा सहवास घडतो आणि ज्याचे उरलेले आयुष्य कचेरीत, लोकलच्या डब्यात, स्वयंपाकघरात किंवा आजारी आईबापांच्या खाटेजवळ व्यतीत होते, अशा जवळजवळ अपरिचित इसमाच्या शरीराची जबाबदारी मेहनताना घेऊन त्याने पत्करलेली असते. आणि त्या न दिसणाऱ्या आयुष्याची ओळख करून घेण्याचे जे थोडे मार्ग त्याला मोकळे आहेत, त्यांत अवांतर वाचन हा मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

शास्त्रग्रंथांचे महत्त्व मी यत्किंचितही कमी लेखीत नाही. स्नायूंची रचना, सांध्यांची गती, भार क्रमाक्रमाने वाढविण्याचे नियम यांत ज्याचा पाया कच्चा आहे, त्याने दुसऱ्याच्या खांद्यावर वजन ठेवू नये हेच बरे. परंतु शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी निर्दोष ठरविलेल्या गुडघ्यावर एखादी बाई काही केल्या भार टाकीत नाही, तेव्हा काय करावे, हे त्या ग्रंथांत सापडत नाही.

तेथे ऑलिव्हर सॅक्स यांचे १९८४ साली प्रसिद्ध झालेले ‘अ लेग टू स्टँड ऑन’ हे पुस्तक साहाय्याला येते. सॅक्स स्वतः मज्जाविकारतज्ज्ञ होते. १९७४ साली नॉर्वेतील एका डोंगरावर एकटेच हिंडत असता, एका बैलाला भिऊन पळताना ते पडले आणि डाव्या मांडीच्या पुढील स्नायूची कंडरा तुटली. लंडनला शस्त्रक्रिया यथासांग पार पडली. पण त्यानंतर हा पाय आपला आहे ही जाणीवच त्यांच्या ठायी उरली नाही, आणि ही तक्रार शल्यविशारदाने मनावर घेतली नाही. पुढे त्यांना उभे करण्यात आले, तेव्हा प्रत्येक पाऊल बुद्धीने हिशेब करून टाकावे लागत होते. तोच अकस्मात मनात मेंडेल्सझोनच्या व्हायोलिन-रचनेचे सूर उमटले आणि त्या लयीबरोबर त्यांची चाल परत आली. हा वृत्तांत ज्याने मन लावून वाचला आहे तो शिक्षक, ‘काही झालेले नाही, टाका पाय’ असे दरडावणार नाही. ‘हा पाय तुम्हांला आपला वाटतो का?’ असे तो आधी विचारील, आणि आकडे मोजण्याऐवजी त्या बाईंच्या ओळखीची एखादी लय शोधून पाहील.

टॉलस्टॉयच्या ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ या १८८६ सालच्या दीर्घकथेत भोवतालचे सगळे सभ्य लोक रुग्णाशी खोटे बोलतात. गेरासिम हा खेडवळ नोकर तेवढा खोटे बोलत नाही, आणि धन्याचे पाय तासन्‌तास स्वतःच्या खांद्यांवर धरून बसतो. स्पर्शात आणि शब्दांत एकच प्रामाणिकपणा कसा असावा, याचा यापेक्षा उत्तम पाठ मला ठाऊक नाही.

आहाराच्या बाबतीत तर आपली मराठी आत्मकथने अपरिहार्य आहेत. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) किंवा लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) वाचल्यावर, ज्या घराच्या स्मृतीत उपासमार आहे त्या घरातील माणसाला ‘ताटात थोडे टाकून उठत जा’ असे सहजपणे सांगण्याचे धाडस होत नाही; सांगायचेच झाले, तर आधीच कमी वाढून घेण्याची गोष्ट निघते. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ही चाळावे, कारण क्लायंटच्या घरी कोणते पदार्थ शिजतात हे ज्याला कळत नाही, त्याचा आहारतक्ता फडताळावर चिकटवलेला कागदच राहतो.

या व्यवसायाच्या आपल्याकडील पूर्वसूरींत अशा बहुश्रुततेचे एक ठळक उदाहरण आहे. स्वामी कुवलयानंद, मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, हे बडोद्याला प्रोफेसर माणिकराव यांच्या आखाड्यात तयार झाले. संस्कृतातील प्रावीण्याबद्दल त्यांना जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही मिळालेली होती. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करून, हठयोगाच्या ग्रंथांत वाचलेले ते प्रयोगशाळेत पडताळून पाहू लागले. आखाडा, पोथी आणि प्रयोगशाळा एकाच माणसाच्या ठायी नांदली नसती, तर ते कार्य उभे राहिले असते असे मला वाटत नाही.

मात्र वाचलेले क्लायंटला ऐकवू नये. बैठका घालताना धापा टाकणाऱ्या माणसाला टॉलस्टॉय नको असतो. त्याला आपले बोलणे पूर्ण ऐकून घेणारा कोणी हवा असतो. वेळ नाही ही सबबही फारशी टिकत नाही, कारण जिमचे काम पहाटे आणि सायंकाळी असते व दुपार बहुतेकांची मोकळी जाते. विश्रांती आणि भोजन उरकल्यावर त्यातला एक तास जवळच्या सार्वजनिक वाचनालयात घालवावा, आणि आरंभ आत्मचरित्रांपासून करावा. त्यांतही स्त्रियांची आत्मचरित्रे आधी घ्यावीत, कारण घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या आणि स्वतःसाठी वेळ मागताना संकोचणाऱ्या अनेक जणी आता जिमच्या दारात येऊन उभ्या आहेत.