निळं झालं म्हणजे शिसं नव्हे

सकाळी ८ : मे महिन्याचं नागपूर. ऊन तापायच्या आत काचेची भांडी अम्लराजानं धुवायची. तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक. यात सोनंही विरघळतं. कालचा कण भांड्याला चिकटून राहिला, तर आजचं सोनं त्याच्यावरच चढेल.

९.३० : गोल्ड क्लोराइड उकळलं, सोडियम सायट्रेट ओतलं. फिकट पिवळा रंग गेला, द्रावण काळपट झालं आणि काही मिनिटांत डाळिंबी. टर्केविच यांची १९५१ची ही पद्धत अजून तशीच चालते.

११ : स्पेक्ट्रोफोटोमीटरवर शिखर ५२० नॅनोमीटरजवळ, म्हणजे कण बारीक आणि सुटे. प्रकाश पडला की कणातले इलेक्ट्रॉन एका लयीत हलतात आणि हिरवा उजेड शोषतात. कण एकमेकांना चिकटले की शिखर लाल बाजूला सरकतं, द्रावण निळं दिसतं. पाण्यातलं शिसं शोधायची आमची सगळी मोजणी या सरकण्यावर.

१ : डबे. पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था नीरी १९५८पासून या शहरात आहे. त्यामुळे जेवताना पाण्याचा विषय निघाला की माहितगार हमखास भेटतो.

२ : बोअरचे नमुने. प्रत्येकाच्या दोन बाटल्या. धातू मोजणाऱ्या एएएस (अणुशोषण) यंत्रासाठीच्या बाटलीत नायट्रिक आम्ल. दुसरी तशीच, कारण आम्लानंही कण गोळा होतात. साध्या सोन्यात बोअरचं पाणी पडताच द्रावण निळं.

"मॅडम, शिसं निघालं काय?" नव्या विद्यार्थ्यानं विचारलं.

"कॅल्शियम निघालं."

क्षाराच्या पाण्यानं हे कण शिशाशिवायही गोळा होतात.

३.३० : आता काल ग्लुटाथिओन लावून ठेवलेले कण. त्यातलं गंधक सोन्याला धरतं, मोकळे गट शिशाला; क्षारातही हे कण टिकतात. तीन नळ्या : शुद्ध पाणी, बोअरचं पाणी आणि त्याच पाण्यात मुद्दाम घातलेलं शिसं. तिसरीच निळी झाली. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा मात्र लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, इतक्याशा शिशानं झालेला बदल डोळ्यांना दिसत नाही.

५ : एएएसचे आकडे आले. ते आमच्या आलेखाशी ताडून पाहिले.

६ : वहीत शेवटची नोंद : गावात किट द्यायचं, तर सोन्याची बाटली एकटी पाठवायची नाही. तुलनेच्या दोन नळ्या सोबत हव्यातच, नाहीतर विदर्भातली निम्मी बोअर उगाच बदनाम होतील.