विजेच्या मोटारीची बॅटरी : हमी आहे, पण कशाची?

पेट्रोलचा खर्च वाचतो म्हणून विजेची मोटार घरात येते. पण गाडीतला सर्वांत महागडा भाग म्हणजे बॅटरी. ती वर्षागणिक थोडी थोडी थकत जाते. ती किती थकली म्हणजे कंपनी बदलून देईल, हे गाडी घेण्याआधीच समजून घेतलेले बरे.

विजेची मोटार दारात उभी राहिली की शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात, ‘‘एकदा चार्ज केली की किती धावते?’’ दुसरा प्रश्न जरा दबक्या आवाजात येतो, ‘‘आणि बॅटरी गेली तर?’’ रायपूर रेल्वे स्टेशनच्या पलीकडच्या गुढियारीसारख्या दाट वस्तीत हा दुसरा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. इथल्या घरांना बॅटरी नवीन नाही. इन्व्हर्टर घरोघरी आहे, ई-रिक्षा दारावरून जाते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचे, काही वर्षांनी जुनी देऊन नवी आणायची, हा हिशेब गृहिणींनाही तोंडपाठ असतो. मात्र इन्व्हर्टरची बॅटरी काही हजारांत येते, मोटारीची लाखांत जाते. म्हणूनच कित्येक कुटुंबे शोरूमच्या पायरीवरून परत फिरतात.

ही भीती अगदीच निराधार नाही, पण वाटते तितकी खरीही नाही.

बॅटरी थकते म्हणजे काय होते?

आजच्या मोटारींत लिथियमच्या बॅटऱ्या असतात. चार्ज करताना लिथियमचे कण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातात आणि गाडी चालताना परत येतात. या ये-जा करण्यात थोडे लिथियम आतल्या एका पातळ थरात कायमचे अडकून बसते. जितके अडकले तितकी क्षमता कमी. गाडी नुसती उभी असली तरी ही क्रिया हळूहळू चालूच राहते. म्हणून बॅटरीला वापराचे आणि वयाचे, असे दोन्ही म्हातारपण येते.

या म्हातारपणाला घाई करणारी कारणे मुख्यतः तीन आहेत : उष्णता, बॅटरी सतत काठोकाठ भरलेली किंवा अगदी रिकामी ठेवणे आणि वारंवार केलेले जलद चार्जिंग. त्यातली पहिली गोष्ट रायपूरकरांना वेगळी सांगायला नको. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि अरुंद गल्लीत गाडीला सावली मिळणे कठीण असते.

तरीही सर्वसाधारण घट फार मोठी नसते. कॅनडाच्या जिओटॅब या कंपनीने २०२४ मध्ये हजारो गाड्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वर्षाला सरासरी १.८ टक्के घट आढळली. या हिशेबाने आठ वर्षांनी बॅटरीत ८५ टक्क्यांच्या आसपास क्षमता उरते. अर्थात ही सरासरी झाली. उष्ण प्रदेशातल्या, निष्काळजीपणे वापरलेल्या गाडीची घट जास्त असू शकते.

अ‍ॅरिझोनाचा धडा

उष्णता काय करू शकते, हे २०१२ मध्ये अमेरिकेत दिसले. निसान कंपनीची ‘लीफ’ ही मोटार डिसेंबर २०१० मध्ये बाजारात आली होती. तिच्या २४ युनिटच्या बॅटरीला थंड ठेवण्यासाठी पाण्याची किंवा पंख्याची खास सोय नव्हती. अ‍ॅरिझोना राज्यातल्या फीनिक्स शहराचा उन्हाळा आपल्या विदर्भ-छत्तीसगडच्या उन्हाळ्याची आठवण करून देणारा. तिथल्या मालकांच्या लक्षात आले, की दोन उन्हाळेही पुरते झाले नाहीत तोच डॅशबोर्डावरच्या बॅटरीच्या १२ रेघांपैकी एक-दोन गळाल्या आहेत आणि गाडी पूर्वीइतकी धावत नाही.

त्यांनी हमीपत्रे काढून पाहिली. आठ वर्षांची हमी होती खरी, पण ती बॅटरीतल्या बिघाडाची होती. हळूहळू क्षमता कमी होणे हा बिघाड मानलेलाच नव्हता! मालकांनी एकत्र येऊन आपल्या गाड्या मोजून पाहिल्या, प्रकरण न्यायालयातही गेले. अखेर कंपनीने अमेरिकेत नवी हमी जाहीर केली. पाच वर्षे किंवा ६० हजार मैल यांच्या आत १२ पैकी ९ पेक्षा कमी रेघा उरल्या, म्हणजे क्षमता साधारण ७० टक्क्यांखाली गेली, तर बॅटरी दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचे तिने मान्य केले. हमीबाहेरच्या ग्राहकांसाठी २०१४ मध्ये जुन्या बॅटरीच्या बदल्यात नवी ५,४९९ डॉलरला मिळू लागली.

तेव्हापासून ‘बिघाडाची हमी’ आणि ‘क्षमतेची हमी’ हा फरक जगभर मानला जाऊ लागला. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक मंचाने त्यासाठी नियम तयार केला. त्यात पाच वर्षे किंवा एक लाख किलोमीटरपर्यंत ८० टक्के आणि आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत ७० टक्के क्षमता उरावी, असा किमान निकष आहे.

आपल्याकडची हमी

भारतात २००१ मध्ये बंगळूरहून ‘रेवा’ आली, तेव्हा तिच्यात शिशाच्या बॅटऱ्या होत्या. लिथियम बॅटरीची मोटार खऱ्या अर्थाने मध्यमवर्गाच्या दारात आली, ती जानेवारी २०२० मध्ये टाटांच्या ‘नेक्सॉन’मुळे. पुण्याजवळ रांजणगावला तयार होणाऱ्या या गाडीत ३०.२ युनिटची, द्रवाने थंड ठेवली जाणारी बॅटरी होती आणि तिला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी होती.

‘जे आधी पूर्ण होईल ते’ हे शब्द इथे महत्त्वाचे. रोज ३० किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाची गाडी आठ वर्षांत ८८ हजार किलोमीटरच्या आसपास जाईल. त्यांची हमी वर्षांनी संपेल. पण तीच गाडी टॅक्सी म्हणून रोज १५० किलोमीटर धावली, तर तीन वर्षांच्या आतच हमी संपते.

अलीकडे ‘आजीवन हमी’ हा नवा शब्द ऐकू येतो. महिंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या नव्या विजेच्या गाड्यांवर ती पहिल्या खासगी मालकासाठी जाहीर केली. टाटांनी २०२५ मध्ये काही मॉडेलवर ती दिली. तिथे ‘आजीवन’ म्हणजे नोंदणीपासून १५ वर्षे आणि तीही पहिल्या मालकापुरती. गाडी जुन्या बाजारातून घ्यायची असेल, तर आपल्या वाट्याला कोणती हमी येते हे आधी विचारलेले बरे.

‘बदलून देऊ’ म्हणजे काय?

इन्व्हर्टरच्या हमीपत्रावर पहिले काही महिने फुकट बदली आणि पुढचे महिने किमतीत सूट, असे दोन कालखंड असतात. मोटारीचे गणित निराळे आहे. मोटारीची बॅटरी म्हणजे अनेक छोट्या सेलचे गठ्ठे. दोष एका गठ्ठ्यात असेल, तर कंपनी तेवढाच बदलू शकते. कधी दुरुस्त केलेली बॅटरी दिली जाते. अनेक हमीपत्रांत वचन नव्या बॅटरीचे नसून ठरावीक क्षमतेपर्यंत परत आणून देण्याचे असते.

म्हणून गाडी घेताना पुढील गोष्टी लेखी विचाराव्यात :

• क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर हमी लागू होते?

• ती क्षमता कोण, कोणत्या यंत्रावर मोजणार? अहवालाची प्रत मिळणार का?

• बदली बॅटरी नवी की दुरुस्त केलेली? तिला पुढे किती हमी?

• गाडी विकली तर हमी नव्या मालकाला मिळते का?

• कोणत्या कारणांनी हमी रद्द होते?

शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. बाहेरच्या मिस्त्रीकडून बॅटरी उघडणे, वायरिंग कापून दिवे किंवा भोंगे बसवणे, सर्व्हिसिंग चुकवणे अशी कारणे हमीपत्रात असतात. पुराच्या पाण्यात गाडी घातल्याने झालेले नुकसान हा सहसा हमीचा नव्हे, विम्याचा विषय असतो. पावसाळ्यात पुलाखाली साचलेल्या पाण्यातून गाडी काढण्याआधी एवढे आठवावे.

हमी संपल्यावरचा एक खर्च बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. विजेच्या मोटारीवर जीएसटी ५ टक्के आहे, पण सुटी लिथियम बॅटरी घ्यायची झाली तर तो १८ टक्के लागतो.

थकवा केव्हा जाणवतो?

समजा, नवी गाडी एका चार्जिंगमध्ये २०० किलोमीटर जात होती. क्षमता ७० टक्क्यांवर आली, तर ती १४० जाईल. गुढियारीहून दुर्गला जाऊन यायला तेवढे पुरेसे आहे. पण रायपूरच्या मराठी घरांचे नागपूरशी नाते जुने आणि नागपूर सुमारे २९० किलोमीटर दूर. पूर्वी वाटेत एकदा थांबून भागत असे, आता दोनदा थांबावे लागेल. शहरातल्या रोजच्या वापराला ही बॅटरी निकामी नाही, हेही तितकेच खरे.

काळजी काय घ्यावी?

भर दुपारी प्रवास करून आल्यावर लगेच चार्जिंगला न लावता गाडी थंड होऊ द्यावी. चार्जिंग शक्यतो रात्री, घरच्या संथ चार्जरवर करावे. त्यासाठी अर्थिंग असलेली स्वतंत्र जोडणी हवी. खिडकीतून सोडलेली लांब वायर धोक्याची. जलद चार्जिंग प्रवासापुरते ठेवावे. गावाला जाताना बॅटरी अर्धी भरलेली ठेवावी. रोज किती टक्के भरावी, याबाबत मात्र कंपनीचेच ऐकावे. काही प्रकारच्या बॅटऱ्यांना ८० टक्के पुरे, तर लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीला अधूनमधून पूर्ण भरणे आवश्यक असते, नाहीतर शिल्लक विजेचा अंदाज चुकतो.

प्रत्येक सर्व्हिसिंगला बॅटरीच्या तब्येतीचा अहवाल मागून फाइलला लावावा. कंपनीने टाळाटाळ केली, तर हाच कागद कामी येतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आता ग्राहक स्वतः राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करू शकतो. म्हणजे गुढियारीच्या कुटुंबाला पुण्या-मुंबईला खेटे घालायला नकोत. ५० लाखांपर्यंत किमतीच्या वस्तूची तक्रार जिल्हा आयोगात चालते, ती दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि गरज पडल्यास आयोग वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी करवून घेऊ शकतो.

लग्नात दागिना घेताना घरातली मोठी माणसे पावती आणि वजन दोन्ही पाहतात. आठ-दहा लाखांची गाडी घेताना मात्र रंग आणि पडद्याचा आकार पाहून सही केली जाते. हमीपत्राची चार पाने घरी आणून, सगळ्यांनी मिळून वाचायला एक संध्याकाळ पुरते. पुढच्या आठ वर्षांच्या मानाने ही संध्याकाळ काही फार महाग नाही.