दुखत नाही, म्हणूनच दाखवायचं!

"दुखत त नाही, मंग कायले जायचं दवाखान्यात?" आपल्या वाशीम जिल्ह्यात हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. आधी सोयाबीनची सोंगणी आटोपू दे, मग तुरीचं बघू, मग पोरीचं लग्न होऊ दे... बाईच्या दुखण्याचा नंबर नेहमी शेवटीच. आणि जे दुखतच नाही, त्याचा तर नंबर लागतच नाही. मैत्रिणींनो, कॅन्सर इथेच डाव साधतो. सुरुवातीला तो बहुतेक वेळा दुखत नाही.

भारतातल्या बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळतो तो स्तनाचा कॅन्सर. त्याखालोखाल गर्भाशयाच्या मुखाचा, म्हणजे आपण म्हणतो तो पिशवीच्या तोंडाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १ लाख ९२ हजार, तर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्ण होत्या. शिवाय तंबाखू, मिश्री, गुडाखूची सवय असेल तर तोंडाच्या कॅन्सरची भीती आहेच.

शेजारच्या मराठवाड्यातला अनुभव

त्रास नसताना तपासून खरंच फायदा होतो का? याचं उत्तर आपल्याच राज्यात मिळालं आहे. १९९९ साली उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात मुंबईचं टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल यांनी एक मोठा अभ्यास सुरू केला. ३० ते ५९ वर्षांच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त खेड्यातल्या बायका त्यात होत्या. गावांचे चार गट केले. एका गटाची एचपीव्ही या विषाणूसाठी एकदाच तपासणी झाली, बिघाड दिसला त्यांच्यावर उपचार झाले. दुसऱ्या एका गटात अशी तपासणी नव्हती. आठ वर्षांत तपासणी नसलेल्या गटातल्या ६४ बायका या कॅन्सरने दगावल्या, तर एचपीव्ही तपासणीच्या गटातल्या ३४. दोन्ही गट जवळपास सारखेच होते. उरलेल्या दोन गटांत दुसऱ्या पद्धतीने एकदाच तपासणी झाली, तिथे मात्र एवढा फरक दिसला नाही.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून टाटा मेमोरियलने दुसरी, स्वस्त पद्धत वापरली. पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारखं सौम्य द्रावण लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा चट्टा उमटतो का ते पाहायचं. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनीच ही तपासणी दर दोन वर्षांनी केली. मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे ही तपासणी एकदा करून थांबायचं नाही, पुन्हा करत राहायचं.

हे कसं घडतं? एचपीव्हीची लागण झाल्यापासून कॅन्सर व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षं लागतात. या काळात काही दुखत नाही, पण तपासणीत बिघाड दिसतो आणि तिथेच थांबवता येतो.

लाज कशाची?

हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, एवढं ऐकलं की बायका गप्प होतात. पण लग्न झालेल्या बहुतेक बायकांना तो कधी ना कधी होतो आणि बहुतेकींचा आपोआप जातो. चारित्र्याशी त्याचा काही संबंध नाही.

आणखी एक. अंगावरून पांढरं जातं म्हणून लगेच "पिशवी काढून टाका" या सल्ल्याला होकार देऊ नका. पुष्कळदा तो साधा संसर्ग असतो, गोळ्यांनी बरा होतो. आधी तपासणी करून घ्या.

हे दिसलं तर थांबू नका

* स्तनात किंवा काखेत गाठ, मग ती न दुखणारी का असेना. कातडीला खळगा पडणं, बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्त येणं. (प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.)
* पाळी गेल्यावर, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर अंगावरून लाल जाणं, घाण वास येणारं पाणी जाणं.
* तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा न होणं.

पाळी सुरू झाल्यापासून सात-दहा दिवसांनी आपले स्तन आपणच हाताने चाचपून पाहा. पाळी गेली असेल तर दर महिन्याची संकष्टी धरा, म्हणजे विसरायला होत नाही.

तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमात आहे. गर्भाशयमुखाची दर पाच वर्षांनी करायची असते. उपकेंद्रात किंवा आशाताईला विचारा. घरात ९ ते १४ वर्षांची मुलगी असेल तर एचपीव्हीच्या लशीबद्दलही विचारा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लस २०२३ साली आली आहे. लस घेतली तरी पुढे तपासणी सोडायची नाही. आजार निघालाच तर नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलसारखी ठिकाणं आहेत, आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरवरचे उपचारही येतात.

एकटीला जायला संकोच वाटतो ना? मग बचत गटाच्या पुढच्या बैठकीत विषय काढा आणि चौघीजणी मिळून जा. सासूबाईंनाही सोबत घ्या. सोंगणी दरवर्षी येते, ती थोडी थांबेल.